सॅटर्डे नाईट लाइव्ह: एकाच रात्री होस्टही आणि गायकही

प्रश्न एका गायिकेचा आहे. अमेरिकेतल्या 'सॅटर्डे नाईट लाइव्ह' या टीव्हीवरून थेट दाखवल्या जाणाऱ्या विनोदी कार्यक्रमात काही गायक एकाच भागात होस्टही असतात आणि गातातही. स्किटमध्ये, म्हणजे छोट्या विनोदी नाटुकल्यात, ते मुरलेल्या विनोदी नटांच्या बरोबरीने उभे राहतात. हे काहींना इतकं सहज कसं जमतं आणि काहींना का जमत नाही? तिला स्वतःलाही एका मराठी विनोदी कार्यक्रमात असंच दुहेरी काम करायचं आहे, तर तिने तयारी काय करावी?

गेली २२ वर्षं मी नाटकांना आणि टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांना संगीत देतोय, कीबोर्डवर बसून वाजवतोय. 'सॅटर्डे नाईट लाइव्ह'चे जुने भाग मी अभ्यास म्हणून पुन्हा पुन्हा पाहिले आहेत. त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे आणि उत्तर लांबणार आहे.

आधी 'होस्ट' या शब्दाचं बघू. आपल्याकडे होस्ट म्हटलं की हातात माइक घेऊन पाहुण्यांची ओळख करून देणारा सूत्रसंचालक डोळ्यांसमोर येतो. तिथला होस्ट म्हणजे त्या आठवड्याचा पाहुणा नट. सुरुवातीचं मनोगत त्याचं, आणि पुढच्या बहुतेक स्किट्समध्ये त्याला काम असतंच. गाणारा पाहुणा एरवी वेगळा असतो, त्याने येऊन दोन गाणी गायची. त्याचं नाव पुकारण्याचं काम होस्टचं. होस्टच गाणार असेल तेव्हा नाव पुकारायलाही दुसऱ्या कोणाला तरी उभं करावं लागतं, कारण होस्ट त्या वेळी आत कपडे बदलत असतो.

कार्यक्रम सुरू झाला ११ ऑक्टोबर १९७५ला, न्यूयॉर्कमध्ये रॉकफेलर प्लाझाच्या इमारतीत, एनबीसी या अमेरिकी वाहिनीच्या ८-एच स्टुडिओत. पहिल्या भागाचा होस्ट जॉर्ज कार्लिन, म्हणजे विनोदी कलाकारच. पण आठवड्याभरात, दुसऱ्याच भागात, निर्माता लॉर्न मायकल्सने गायक पॉल सायमनला होस्ट केलं आणि तो भाग जवळजवळ गाण्याचीच मैफल झाला. त्याचा जुना जोडीदार गायक आर्ट गार्फंकल त्याच्याबरोबर गायला उभा राहिला. म्हणजे गायक-होस्टची परंपरा कार्यक्रमाइतकीच जुनी आहे. फक्त त्या पहिल्या खेपेला सायमनकडे गाणंच जास्त होतं, नटाचं काम फारसं नव्हतं. ते त्याने पुढच्या वर्षी केलं, त्याकडे मी येतोच.

या ८-एच स्टुडिओविषयी थोडं सांगायलाच हवं. ही जागा मुळात रेडिओसाठी बांधलेली. १९३७पासून आर्तुरो तोस्कानिनी इथे एनबीसीच्या सिंफनी ऑर्केस्ट्राचं संचालन करायचा. तेव्हा संगीतवाल्यांची या जागेबद्दल एकच तक्रार होती: इथला आवाज कोरडा आहे, सूर हवेत रेंगाळत नाही. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. बोलण्यासाठी कोरडी जागा उत्तम. शब्द सुटा ऐकू येतो, हशा कुठे सुरू झाला आणि कुठे ओसरला ते नटाला स्पष्ट कळतं. गायकाला मात्र अशा जागेत आपलाच आवाज परत मिळत नाही. तो बिचारा जास्त जोर लावतो आणि गळा लवकर थकतो. आता कानात इयर-मॉनिटर, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारे छोटे स्पीकर, असतात, त्यामुळे ही अडचण पुष्कळ कमी झाली आहे. पण एकाच जागेकडून गायक आणि नट उलट गोष्टी मागतात, हे कोरड्या हॉलमध्ये वाजवणाऱ्या प्रत्येकाने अनुभवलेलं असतं.

आता आठवडा कसा जातो ते बघा. सोमवारी लेखक आणि होस्ट एकत्र बसतात, कल्पना मांडल्या जातात. मंगळवारी रात्रभर लेखन. बुधवारी सगळ्यांनी टेबलाभोवती बसून वाचन, चाळीसेक स्किट्स एका बैठकीत. त्यातली डझनभर उरतात. गुरुवारपासून सेटवर हालचाली बसवायच्या, गाण्याची साउंड-तालीम आणि प्रोमो त्यातच. शुक्रवारी पुन्हा सेटवर, शिवाय जी दृश्यं आधी चित्रित करायची ती. शनिवारी दुपारी सलग तालीम, रात्री आठला प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम. ती मुद्दाम लांब ठेवलेली असते. तिथे जे पडलं ते कापायचं, राहिलेलं पुन्हा लिहायचं आणि साडेअकराला थेट प्रक्षेपण. ते रात्री एकपर्यंत.

नटाला हा आठवडा जड जातो, गायकाला निराळ्याच तऱ्हेने. रात्री आठ ते एक या पाच तासांचा हिशेब मांडून बघा. दोन गाणी रंगीत तालमीत पूर्ण आवाजात, तीच दोन थेट प्रक्षेपणात. मनोगतात गाणं असेल, आणि गायक-होस्टच्या मनोगतात ते बहुतेक वेळा असतंच, तर तेही दोनदा. स्किटमध्ये गाणं आलं तर तेही. आणि या सगळ्याच्या मधे ओरडणं, खोटा आवाज काढणं, नक्कल, धावपळ. आमच्याकडे अनुभवी गायक प्रयोगाच्या दिवशी दुपारपासून बोलतसुद्धा नाही. इथे बोलणं हेच काम.

यातून वाट काढली आहे ती क्रमाने. पहिलं गाणं साधारण मध्यरात्रीच्या सुमारास येतं आणि त्यापाठोपाठ 'वीकेंड अपडेट' हा बातम्यांच्या विडंबनाचा भाग. त्यात होस्टला सहसा काम नसतं. गाणं संपलं की त्याला दहा-बारा मिनिटं मिळतात: श्वास, पाणी, पुढचा वेश. आधी चित्रित केलेल्या छोट्या फिल्म्सही अशाच उपयोगी पडतात. फिल्म चालू असताना होस्ट स्टेजमागे विग बदलत असतो. प्रेक्षक म्हणून आपल्याला वाटतं की फिल्म गंमत म्हणून टाकली. आमच्यासारख्यांना ती कोणाला तरी दम घ्यायला दिलेली जागा दिसते.

हे झालं शरीराचं. आता खरा प्रश्न, काहींना जमतं ते कशामुळे?

माझं मत स्पष्ट आहे. चांगला गायक स्किटमध्ये चालतो तो त्याच्या कानामुळे. विनोदात वाक्य किती मोठ्याने म्हटलं याला फार किंमत नाही, ते कधी पडलं याला आहे. समेवर यायला अर्धी मात्रा उशीर झाला तर तबलजी मान वर करून बघतो. हशाच्या वाक्याचंही तसंच. आधीचा हशा पूर्ण विरायच्या किंचित आधी, उतरत्या लाटेवर पुढचं वाक्य टाकायचं असतं. गायकाला ही जागा शिकवावी लागत नाही, त्याचा सगळा जन्म जागा ओळखण्यातच गेलेला असतो. शिवाय समोरच्याचा सूर ऐकून आपला लावायची सवय. जुगलबंदी केलेला माणूस स्किटमध्ये सहकलाकाराला तोडत नाही.

ब्रुनो मार्सचं २० ऑक्टोबर २०१२चं काम बघा. एका स्किटमध्ये तो ऑनलाइन गाणी ऐकवणाऱ्या कंपनीत इंटर्न आहे. यंत्रणा बंद पडते आणि याला माइकसमोर उभं करून एकेका गायकाच्या आवाजात गायला लावतात. मायकल जॅक्सनपर्यंत तो पोचतो. हसू येतं ते त्या अवघडलेल्या पोराच्या चेहऱ्याचं. गळ्यातून निघणारं गाणं मात्र चोख असतं. २०१६ साली आरियाना ग्रांडेने याच धर्तीचं स्किट केलं. पुन्हा इंटर्न, पुन्हा बंद पडलेली सेवा. तिने ब्रिटनी स्पीअर्स, व्हिटनी ह्यूस्टन अशा एकेकीचा आवाज काढला. ती दोन्ही स्किट्स लागोपाठ बघा आणि एक गोष्ट टिपा. नक्कल करताना दोघंही मूळ गायकाला हास्यास्पद करत नाहीत. आवाज कुठे लावायचा, शब्द कसा ओढायचा, श्वास कुठे घ्यायचा ते अचूक उचलतात. इतका अचूकपणा आला की प्रेक्षक आपोआप टाळी देतो, हसवायला वेगळं काही करावं लागत नाही.

ब्रुनोच्या बाबतीत आणखी एक. लहानपणी हवाईमध्ये तो एल्व्हिस प्रेस्लीची नक्कल स्टेजवर करायचा. म्हणजे २०१२मध्ये तो काही नवीन करत नव्हता, वयाच्या चार-पाच वर्षांपासूनचा रियाझ तिथे कामाला आला. ही गोष्ट बहुतेक यशस्वी गायक-होस्टना लागू आहे. जस्टिन टिंबरलेक आणि ब्रिटनी स्पीअर्स दोघंही लहानपणी डिस्नेच्या 'मिकी माऊस क्लब'मध्ये होते. तिथे मुलांना गाणं, नाच आणि छोटी स्किट्स सगळंच करावं लागायचं. ड्रेक कॅनडातल्या एका शाळकरी मुलांच्या मालिकेतून आला. आरियाना आधी ब्रॉडवेवर आणि मग मुलांच्या विनोदी मालिकेत होती. जेनिफर लोपेझ एका स्केच कॉमेडी कार्यक्रमातल्या नर्तकींमध्ये होती. क्वीन लतिफाने सिटकॉम केलेली. त्यांच्या नावापुढे 'गायक' लागतं म्हणून आपल्याला नवल वाटतं. पण नटाचं काम त्यांनी कोवळ्या वयात शिकून ठेवलेलं असतं. तुम्ही स्वतःची तुलना त्यांच्याशी करून खचू नये म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

टिंबरलेकवर मात्र थांबायला हवं. ११ ऑक्टोबर २००३ला तो पहिल्यांदा होस्ट झाला, गायलाही. तेव्हा लोकांच्या डोक्यात तो मुलांच्या पॉप बँडमधला देखणा मुलगा होता. त्याने ऑम्लेटचा मोठा थोरला वेश अंगावर चढवून रस्त्यावर दुकानाची जाहिरात करणारा माणूस केला, आणि इतक्या मन लावून केला की पुढच्या खेपांना तोच प्रकार वेगवेगळ्या वेशांत परत आला. त्या वेशात तो नाचतो तेव्हा पायाचा एकही ठेका चुकत नाही. डिसेंबर २००६मध्ये कार्यक्रमातला विनोदी नट अँडी सँबर्ग याच्याबरोबर त्याने ख्रिसमसच्या भेटवस्तूवरचं एक चावट गाणं चित्रित केलं, त्याला २००७मध्ये संगीत आणि गीतासाठी एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला. त्या गाण्याची चाल, आवाजाचे थर, मधले आलाप, सगळं नव्वदच्या दशकातल्या प्रेमगीतांइतकंच मेहनतीने केलेलं आहे. शब्द बाजूला ठेवून ऐकलंत तर ते एक चांगलं गाणं आहे. विडंबनगीत करताना आमचे कितीतरी लोक चालीत ढिलाई करतात, 'विनोदी तर आहे' म्हणून. माझ्या मते विनोद तिथेच मरतो.

आता पॉल सायमन. २० नोव्हेंबर १९७६, थँक्सगिव्हिंगच्या आधीचा शनिवार. थँक्सगिव्हिंगला अमेरिकेत घरोघरी टर्की शिजते. सायमन कार्यक्रमाच्या सुरुवातीला येतो तो टर्कीच्या पिसांच्या वेशात, आणि गाऊ लागतो स्वतःचं अतिशय हळवं, गाजलेलं गाणं. पूर्ण गंभीरपणे. थोडं गाऊन थांबतो, बँडला थांबवतो आणि आपल्याला हे किती मूर्खपणाचं वाटतंय ते सांगतो. मी हा तुकडा विद्यार्थ्यांना नेहमी दाखवतो. त्याने गाण्याची थट्टा केलेली नाही. सूर बरोबर, भाव बरोबर, पिसं तेवढी जास्तीची. आणि याच भागात तो बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनबरोबर गिटार घेऊन बसतो आणि दोघं एकमेकांची गाणी इतकी निवांत गातात की मघाचा टर्की कोणाला आठवतही नाही. पिसांमुळे त्याच्या गाण्याची किंमत कमी झाली नाही. गायकांना हीच भीती फार असते: एकदा वेडंवाकडं दिसलो की लोक माझं गाणं मनावर घेणार नाहीत. त्या भीतीला माझ्याकडे हे उत्तर आहे.

अंध गायक स्टीव्ही वंडर ७ मे १९८३ला आला तेव्हा विनोदी नट एडी मर्फी त्या कार्यक्रमात होता आणि स्टीव्हीची नक्कल करण्यासाठी प्रसिद्ध होता. स्किटमध्ये स्टीव्ही झाला स्टीव्ही वंडरचीच वाईट नक्कल करणारा माणूस, आणि मर्फी त्याला 'असं नाही, असं गा' म्हणून शिकवतो. आता विचार करा, या दर्जाच्या गायकाला मुद्दाम बेसूर, बेताल गायचंय. बेसूर गाणं सुरेल माणसालाच नेमकं जमतं, कारण कुठून आणि किती घसरायचं ते त्याला कळत असतं. दुसरं असं, की हा सगळा कार्यक्रम हाताने लिहिलेल्या क्यू-कार्डांवर चालतो. रंगीत तालीम आणि प्रक्षेपण यांच्यामधल्या वेळातही वाक्यं बदलतात, म्हणून नटांना पाठांतरावर भरवसा ठेवता येत नाही, कॅमेऱ्याशेजारच्या पुठ्ठ्यावर नजर ठेवावीच लागते. स्टीव्हीला आणि त्याआधी १९७७मध्ये होस्ट झालेल्या रे चार्ल्सला, दोघंही अंध असल्याने, या कार्डांचा काहीच उपयोग नव्हता. तरी दोघांचे भाग आजही बघावेसे वाटतात.

याच्या उलट फ्रँक झॅपा, २१ ऑक्टोबर १९७८. संगीतकार म्हणून मोठा आणि विनोदाची जाण असलेला. पण स्किट चालू असताना तो सारखा प्रेक्षकांना दाखवत राहिला की मी हे कार्डावरून वाचतोय. म्हणजे तो दृश्याच्या आत आलाच नाही, बाहेर उभा राहून बोट दाखवत राहिला. शेवटी सगळे निरोप घ्यायला स्टेजवर येतात तेव्हा बहुतेक नट त्याच्यापासून लांब उभे आहेत, ते स्पष्ट दिसतं. त्याचं गाणं त्या रात्री उत्तम झालं. पण स्किटमधल्या नटाला समोरून खरं वाक्य हवं असतं, ते न देणं म्हणजे तबलजीने मैफलीत मधेच हात उचलून बसणं.

कंट्री गायक गार्थ ब्रुक्सने नोव्हेंबर १९९९मध्ये वेगळाच प्रयोग केला. होस्ट म्हणून स्वतःच्या नावाने आला आणि गायला ख्रिस गेन्स या काल्पनिक रॉक गायकाच्या नावाने, विग लावून. प्रयोग म्हणून धाडसी होता, माझ्या मनाला तो भिडला नाही.

बॅड बनी मात्र भिडला. ऑक्टोबर २०२३ला पोर्तो रिकोच्या या गायकाने इंग्रजी कार्यक्रमात मनोगत म्हणताना आपली स्पॅनिश सोडली नाही, शेजारी नट पेद्रो पास्कालला भाषांतराला उभं केलं. लय आपल्या भाषेतच पक्की असते. तुमच्या कार्यक्रमात कोणी तुम्हाला पुस्तकी वाक्यं दिली आणि तुम्ही घरी कोल्हापुरी किंवा मालवणी बोलत असाल, तर लेखकांना सांगा. ते ऐकतात. वाक्य तुमच्या तोंडचं झालं की विरामही आपोआप जागेवर पडतो.

आता तुमच्या तयारीविषयी. एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एका विनोदी कार्यक्रमात एक गायिका पाहुणी होती, शास्त्रीय गाणं शिकलेली, गळा गोड. स्किटमध्ये तिचं पहिलंच वाक्य हशाचं होतं. तालमीत ते वाक्य दर वेळी आधीच्या हशात बुडायचं. दिग्दर्शक सांगत होता, 'थांब, घाई करू नको', पण किती थांबायचं ते तिला कळेना. मी कीबोर्डवरून उठलो आणि म्हटलं, ताई, समोरच्याचं वाक्य संपलं की मनात चार मात्रा मोजा आणि पाचवीवर बोला. तिने मान हलवली, मांडीवर बोटाने ताल धरला आणि पुढच्याच तालमीत वाक्य बरोबर पडलं. प्रयोगात हशा मोठा आला तेव्हा तिने कोणी न सांगता सहा मोजल्या. ती मांडीवरची बोटं मला अजून दिसतात.

त्याच दिवशी एक चूकही झाली, ती तुमच्याकडून होऊ नये. गाण्यानंतर लगेच स्किट होतं आणि घाईत तिच्या कानातले इयर-मॉनिटर काढायचे राहिले. बंद कानाने ती स्किटमध्ये गेली. प्रेक्षक हसत होते ते तिला दुरून आल्यासारखं ऐकू येत होतं, आणि मोजलेल्या मात्रांचा उपयोग राहिला नाही. तेव्हापासून मी विंगेत एका मुलाला फक्त या कामासाठी उभं करतो. गाणं संपलं की हात पुढे, इयर-मॉनिटर ताब्यात.

गाण्यांचा क्रम लेखकांच्या बैठकीतच ठरवून घ्या. ज्या स्किटमध्ये ओरडायचं आहे ते तुमच्या गाण्याच्या लगेच आधी नको. टाळता येत नसेल तर त्यानंतरचं गाणं मध्य सप्तकातलं, खालच्या पट्टीतलं निवडा आणि तारसप्तकाचं गाणं आधी उरकून घ्या. रंगीत तालमीत गाणी पूर्ण आवाजात एकदाच गा. स्किटची पाच वेळा तालीम झाली तरी ओरडण्याच्या जागी निम्मा आवाज द्या, दिग्दर्शकाला आधी सांगून ठेवा म्हणजे तो रागावणार नाही. विग आणि इयर-मॉनिटरची वायर एकत्र बसतात का ते आदल्या दिवशी बघा. माइकचा पॅक कमरेला असेल तर नऊवारीत आणि चुणीदारमध्ये त्याची जागा वेगळी लागते, कपडेपटाला दोन्ही वेश दाखवून शिवून घ्या. आणि सेटवर खळखळून हसायचा मोह आवरा. सहकलाकार तुम्हाला हसवतील, ते प्रेमाने करतील, पण तासभर हसल्यावर गळा आवळलेला असतो आणि पहिलाच आलाप कोरडा येतो.

टेलर स्विफ्ट ७ नोव्हेंबर २००९ला होस्ट झाली तेव्हा १९ वर्षांची होती. तिने मनोगताचं गाणं स्वतः लिहून आणलं आणि गिटारवर म्हटलं. तुम्हाला चाल लावता येत असेल तर हे करून बघा. लेखकांची वाट बघू नका. पहिल्या वाचनाला जाताना बारा-सोळा ओळी आणि एक साधी चाल घेऊन जा. चाल ओळखीच्या ठेक्यातली ठेवा, केरवा किंवा दादरा, म्हणजे बँडला सांगायला वेळ जाणार नाही. शेवटच्या ओळीनंतर चार मात्रा मोकळ्या सोडा आणि वादकांना सांगून ठेवा की हशा आला तर तिथे तोच तुकडा फिरवत राहायचा, तुम्ही मान हलवेपर्यंत.